पाचशे रुपयांचं शेल

माहीमहून कॅडल रोडने दक्षिणेकडे निघालं आणि शिवाजी पार्क मागे टाकलं, की प्रभादेवीच्या अलीकडे उजव्या हाताला, समुद्राच्या बाजूला काशिनाथ धुरू मार्ग लागतो. दादर-माहीमच्या पोरांना हा रस्ता दोन गोष्टींमुळे पाठ: कीर्ती कॉलेज आणि त्याच्या बाहेरचा वडापाव. याच रस्त्यावर लोकमान्य विदेश संचार भवन आहे. युरोपातून आशियात आलेली ‘फ्लॅग’ ही समुद्राखालची केबल १९९७ साली मुंबईत याच इमारतीत येऊन पोचली. वड्याच्या रांगेतल्या कुणाला त्याचं सोयरसुतक असण्याचं कारण नव्हतं. पण तोवर त्याच रांगेतली काही मुलं विदेश संचार निगमची खातेदार झाली होती.

मुंबईच्या संगणकाचा इतिहास सहसा अंधेरीच्या सीप्झपासून सांगितला जातो. निर्यात, डॉलर आणि अमेरिकेचं विमान, अशी ती गोष्ट. तिच्यात खोटं काही नाही, पण ती अपुरी आहे. युनिक्स नावाची प्रणाली शहराच्या अंगवळणी पडली ती बँकेच्या कारकुनांमुळे आणि शेल खात्यावरच्या विद्यार्थ्यांमुळे, आणि हे दोन्ही वर्ग गिरगाव ते माहीम या पट्ट्यात भरपूर होते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने, म्हणजेच व्हीएसएनएलने, सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. योजनेचं नाव गेटवे इंटरनेट ॲक्सेस सर्व्हिस. पहिले काही महिने फोन लागेना, लागला तर टिकेना. ओरड इतकी झाली, की कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष बी. के. सिंगल यांनी जाहीर माफी मागितली. तरीही सहा महिन्यांत दहा हजार ग्राहक झाले. दर हजारांत होते. विद्यार्थ्यांसाठी मात्र वर्षाला पाचशे रुपयांचं शेल खातं निघालं आणि मध्यमवर्गी घरांत इंटरनेट शिरलं ते त्या वाटेनं.

शेल खात्यात चित्रं नव्हती. ४४४, ४४५ किंवा ४४६ने सुरू होणाऱ्या माहीमच्या सात आकडी फोनला मोडेम जोडायचा, तो किंचाळून शांत झाला की काळ्या पडद्यावर ‘लॉगिन’ हा शब्द उमटायचा. नाव टाकायचं, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच दिसत नसे, साधी चांदणीही नाही. कीबोर्ड बिघडला असं समजून नवखे तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा हाणत. पत्रांसाठी ‘पाइन’, वेबपानं वाचायला ‘लिंक्स’, दोन्ही निव्वळ अक्षरांत. पत्त्याची शेपटी ‘जीआयएएसबीएम०१ डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन’ अशी लांबलचक. त्यातलं ‘बीएम’ म्हणजे बॉम्बे आणि ‘०१’ म्हणजे यंत्राचा क्रमांक. शहराचं नाव १९९५मध्येच मुंबई झालं होतं, पत्त्यात बॉम्बे राहिलं ते राहिलंच.

‘लॉगिन’च्या त्या ओळीमागचं यंत्र मात्र व्हीएसएनएलचं होतं आणि ते एकट्याचं नव्हतं. टेबलावरचा पीसी त्या वेळी नुसता पडदा आणि कळफलक एवढाच उरे. पत्रं आणि फायली दूरच्या डिस्कवर, शेकडो अनोळखी लोकांच्या शेजारी पडलेल्या असत. ‘हू’ अशी आज्ञा दिली की युनिक्स त्या क्षणी आत असलेल्यांची नावं सांगतं आणि ‘एलएस मायनस एल’ म्हटलं की प्रत्येक फाईल कुणाची ते सांगतं आणि ती कुणाला वाचता येईल, कुणाला बदलता येईल हे ओळीच्या सुरुवातीच्या दहा खुणांत दाखवतं. डिस्कवरची जागाही मोजून मिळे. याला ‘कोटा’ म्हणतात. कोट्याची पद्धत मेलबर्न विद्यापीठातल्या रॉबर्ट एल्झ यांनी लिहिली आणि १९८३च्या बर्कली युनिक्समधून ती जगभर गेली. तिच्यात दोन मर्यादा असतात. मऊ मर्यादा ओलांडली तर आधी ताकीद आणि काही दिवसांची मुदत. कडक मर्यादा आली की लिहिणं तिथल्या तिथे बंद. रेशनकार्डावर वाढलेल्या शहराला हा हिशोब समजावून सांगावा लागला नाही.

एका यंत्रावर अनेक माणसं बसवायची तर माणूस ओळखायचा कसा, हा प्रश्न त्याही आधीचा. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६०च्या दशकाच्या आरंभी फर्नांडो कोर्बाटो यांच्या चमूने ‘सीटीएसएस’ ही वेळ वाटून देणारी प्रणाली बांधली आणि तिच्यात पासवर्ड आला. १९६२ साली ॲलन शेर या विद्यार्थ्याला वाट्याला आलेला वेळ पुरेना, म्हणून त्याने पासवर्डांची फाईल छापून द्यावी अशी रीतसर मागणी पंचकार्डावर टाकली. यंत्राने ती इमानेइतबारे छापून दिली. जगातली पहिली पासवर्डचोरी म्हणून ही गोष्ट सांगतात ती यामुळेच.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला आणि १९६४मध्ये सीडीसी ३६०० आला. तिथे खातं वगैरे भानगड नव्हती. काम करायला द्यायचं आणि निकालाची वाट पाहायची. सत्तरच्या दशकाच्या मध्यात संस्थेच्या आवारातल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर केंद्रात डीईसी-१० जातीचं यंत्र बसलं, तेव्हा अनेकांना एकाच वेळी टर्मिनलवर बसता येऊ लागलं. त्याच्या प्रणालीत माणसाची ओळख नावाने नव्हे, दोन आकड्यांनी: एक प्रकल्पाचा, एक प्रोग्रामरचा. युनिक्सने माणसाला नाव दिलं, पण आतून तेही आकड्यावरच चालतं. नाव केवळ आपल्या सोयीसाठी. ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकारी खातं, त्याचा आकडा शून्य. ज्याचा आकडा शून्य त्याला कुठलीच फाईल बंद नाही, मग त्याचं नाव काहीही असो.

ही युनिक्स प्रणाली दादर-परळच्या जेवणाच्या टेबलापर्यंत आणली बँकांनी. यंत्रं आली की नोकऱ्या जाणार म्हणून संघटनांनी कडवा विरोध केला होता. १९८३मध्ये बँक संघटना आणि व्यवस्थापनांत यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सी. रंगराजन समितीने मार्ग आखून दिला आणि अनेक टर्मिनलं जोडलेल्या यंत्रांसाठी युनिक्सची निवड झाली. देशी कंपन्या हिरिरीने युनिक्सची यंत्रं बनवू लागल्या. त्या काळात पाश्चात्त्य कार्यालयांत डॉस रुळत होतं आणि इकडे लेजर खतावणारा कारकून रात्रीच्या क्लासला जाऊन ‘ग्रेप’ आणि ‘ऑक’ घोकत होता. बऱ्याच शाखांत रूटचा पासवर्ड कागदावर लिहून लाखबंद पाकिटात घालत आणि पाकीट तिजोरीत ठेवत. तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे. सोन्याच्या तारणाला जो मान तोच त्या चिठोऱ्याला. रूट म्हणजे काय, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा या रिवाजाने चांगलं शिकवलं असं म्हणायला हरकत नाही.

मग युनिक्सच्याच वळणाचं लिनक्स आलं. लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये हेलसिंकीत सुरू केलेलं हे काम भारतीय घरांत पोचलं ते मासिकाला चिकटवलेल्या सीडीतून. ‘पीसी क्वेस्ट’ने १९९६पासून लिनक्सच्या सीडी वाटायला सुरुवात केली. त्यामागे अतुल चिटणीस यांचा मोठा हात होता. बर्लिनला जन्मलेले, बेळगावात इंजिनिअरिंग शिकलेले आणि बंगळुरात स्थिरावलेले चिटणीस २०१३मध्ये वारले. डाउनलोडची सोय नसलेल्या देशात ती सीडी हाच एक धोपटमार्ग होता. जोडीला माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या पदपथावरची जुनी पुस्तकं आणि नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं युनिक्स शेल प्रोग्रॅमिंगवरचं पुस्तक.

सीडी घातल्यावर पहिलाच प्रश्न जागेचा. घरात पीसी एक, डिस्क एक आणि तिच्यावर वडिलांचं विंडोज. डिस्कचे भाग पाडताना एक आकडा चुकला की वर्षाचे हिशोब गेले. शिवाय बायॉसला डिस्कच्या पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडचं वाचता येत नसे, म्हणून सुरुवातीलाच ‘बूट’चा छोटा तुकडा ठेवायचा. मग ‘स्वॅप’, मेमरीच्या दुप्पट. मग मूळ भाग आणि उरलेलं ‘होम’ला. जागा कमी पडली तर लॅमिंग्टन रोड गाठायचा, दुसरी डिस्क आणायची, तिच्या पाठीवरचा दाण्याएवढा जंपर चिमट्याने काढून ‘स्लेव्ह’च्या खुणेवर बसवायचा आणि एकाच पट्टीकेबलवर दोघींना टांगायचं. पहिली ‘एचडीए’, दुसरी ‘एचडीबी’.

एवढं सगळं निभावलं की यंत्र रूटचा पासवर्ड मागे, आणि तो ठरवायचा कुणी तर शेल खात्यावर कोट्यात राहणाऱ्या पोरानं. रेड हॅटच्या घराण्यातल्या त्या लिनक्समध्ये पहिल्या साध्या खात्याचा क्रमांक ५०० असे. पुढे तो हजारावर गेला. आईसाठी एक खातं, बहिणीसाठी एक, प्रत्येकीचं ‘होम’ वेगळं. व्हीएसएनएलमध्ये जे कुणा अनाम व्यवस्थापकाच्या हातात होतं, ते माहीमच्या दोन खोल्यांत आलं. रोजचं कामही रूट म्हणूनच करायचं हा माज पुष्कळांना चढला आणि ‘आरएम’ या फाईल पुसणाऱ्या दोन अक्षरी आज्ञेने पुष्कळांचा उतरवलाही.

एकदा पाडलेले भाग हलत नसत, ही त्या व्यवस्थेची खरी अडचण. ‘होम’ भरलं आणि शेजारच्या भागात जागा रिकामी पडली असली तरी ती वापरता येत नसे. सगळं काढून, पुसून पुन्हा मांडायचं. हाइन्झ माउलसहागेन या जर्मन प्रोग्रामरने १९९८मध्ये लिनक्ससाठी लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर लिहिला, त्याने हे दुखणं संपलं. नमुना एचपीच्या युनिक्सचा होता. २००१च्या २.४ कर्नलमध्ये तो मूळ लिनक्सचा भाग झाला. आता डिस्का एका गटात ओतायच्या आणि गटातून हवी तेवढी जागा कापून घ्यायची. नवी डिस्क आली की गट वाढवायचा, मग व्हॉल्यूम, मग त्यावरची फाईलव्यवस्था, तेही यंत्र चालू असताना.

मराठीचा प्रवेश या सगळ्यात उशिरा झाला. व्हीजेटीआयमध्ये शिकवणारे जितेंद्र शहा आणि त्यांचा इंडिकट्रान्स गट यांनी मुक्त सॉफ्टवेअर देवनागरीत आणण्यासाठी खटपट केली आणि ‘गार्गी’ हा मुक्त फॉन्ट त्याच गटाचा. आज फाईलला मराठी नाव बिनदिक्कत देता येतं. फक्त यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘माहीम’ लिहायला म, काना, ह, दीर्घ वेलांटी आणि म अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. रोमन लिपीत तोच शब्द पाच-सहा बाइटांत आटोपतो. लिनक्सच्या नेहमीच्या फाईलव्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा, त्यामुळे मराठी नावाला ८५ चिन्हंच मिळतात. खातेदाराच्या नावाचं तर विचारूच नका. डेबियनसारख्या वितरणात नवं खातं उघडताना नेहमीचा नियम रोमन लहान अक्षरांचाच.

व्हीएसएनएल २००२मध्ये टाटांकडे गेली आणि २००८मध्ये तिचं नाव टाटा कम्युनिकेशन्स झालं. २०१६च्या जूनमध्ये ॲमेझॉनने मुंबईत आपलं क्लाउड केंद्र उघडलं आणि माहीममध्ये बसून लिनक्स सांभाळणारा माणूस पुन्हा दुसऱ्याच्या यंत्रावर खातेदार झाला. फरक इतकाच, की रूट आता त्याच्याकडे असतं आणि डिस्क भाड्याने, दर गिगाबाइटला दर महिन्याला इतके पैसे. त्या भाड्याच्या डिस्कवर ‘एक्स्ट४’ या फाईलव्यवस्थेची मांडणी केली, तर पाच टक्के जागा आपोआप रूटसाठी राखून ठेवली जाते. खातेदारांनी डिस्क काठोकाठ भरली तरी व्यवस्थापकाला आत शिरून साफसफाई करता यावी, म्हणून ही तजवीज. डिस्का मेगाबाइटांत मोजत तेव्हा ती किरकोळ होती. चार टेराबाइटच्या व्हॉल्यूमवर ती दोनशे गिगाबाइट भरते आणि तिचंही भाडं लागतं. जाणते लोक ‘ट्यून२एफएस’ने ती एक टक्क्यावर आणतात. बाकीचे महिनाअखेरीला बिल आलं की चरफडतात.