पाहुण्या गुरुजींचा विषय

ग्रंथालयात जाऊन आपण पुस्तक मागतो, मिळालं की नोंद करून घरी येतो. हजारो पुस्तकांतून नेमकं तेच पुस्तक काढून देणाऱ्या माणसाला ही विद्या कुणी शिकवली, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. त्याला शिकवणाऱ्याला कुणी शिकवलं, हा तर त्याहून पडत नाही.

मी कवी माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत. ग्रंथालयशास्त्राचा मी विद्यार्थी नव्हे; पण मराठी कवितेची वाट मला तालुक्याच्या वाचनालयातच सापडली, त्यामुळे या मंडळींबद्दल मनात कायम कृतज्ञता आहे. त्या कृतज्ञतेपोटी मी त्यांचा इतिहास वाचत गेलो आणि एका प्रश्नापाशी थबकलो. एखादा विषय विद्यापीठात नव्यानं येतो, तेव्हा त्याची पदवी कुणाकडेच नसते. मग त्याचा पहिला शिक्षक आणायचा कुठून? आपल्या देशानं या प्रश्नाला जी उत्तरं दिली, ती आजही उपयोगी पडतील अशी आहेत.

पहिलं उत्तर बडोद्यानं दिलं. मालेगावजवळच्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड १९०६ मध्ये अमेरिकेत गेले. तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहून ते भारावले. आपल्या रयतेलाही असं काही मिळावं, ही त्यांची तळमळ. त्यांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. १९१० मध्ये बॉर्डन बडोद्यात आले आणि १९११ मध्ये त्यांनी ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केला. भारतात ग्रंथालयशास्त्राचं रीतसर शिक्षण सुरू झालं ते इथे. पुढच्याच वर्षी बडोद्यातून ग्रंथालयविषयक नियतकालिकही निघालं. त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. पण १९१३ मध्ये बॉर्डन मायदेशी परतले. मागे राहिलेल्यांनी, त्यांत जनार्दन कुडाळकरांसारखा मराठी माणूसही होता, काम निष्ठेनं पुढे नेलं. ग्रंथालयं वाढली. त्यांची विद्या शिकवणारी विद्यापीठातली जागा मात्र तयार झाली नाही.

दुसरं उत्तर लाहोरचं. पंजाब विद्यापीठानं १९१५ मध्ये आसा डॉन डिकिन्सन यांना अमेरिकेतून आणलं. ग्रंथांच्या दशांश वर्गीकरणासाठी प्रसिद्ध असलेल्या मेल्विल ड्युई यांच्या परंपरेतला हा माणूस. विद्यापीठाच्या छत्राखाली चाललेला हा देशातला पहिला ग्रंथालयवर्ग. हाताशी पाठ्यपुस्तक नव्हतं, म्हणून डिकिन्सन यांनी स्वतःच एक लिहिलं. ते १९१६ मध्ये छापलं गेलं. आणि वर्षभरात तेही निघून गेले. त्यांचा वर्ग मात्र, अधूनमधून खंड पडत, १९४७ पर्यंत टिकला. त्यांचे एक विद्यार्थी के. एम. असदुल्ला पुढे कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे ग्रंथपाल झाले आणि १९३५ मध्ये तिथे त्यांनी स्वतःचा प्रशिक्षणवर्ग काढला. पाहुणा गुरूसुद्धा चांगला शिष्य मागे ठेवून जातो, हे इथं मोकळेपणानं कबूल केलं पाहिजे. पण शिष्य कुठे जाईल, काय करील, हे तेव्हा नशिबावर सोपवलेलं असतं.

तिसरं उत्तर मद्रासचं, आणि माझ्या मते तेच खरं. मद्रास विद्यापीठानं ग्रंथपालाची जागा काढली. सुमारे नऊशे अर्ज आले, असं सांगतात. ग्रंथालयाचं शिक्षण घेतलेला त्यांत एकही नव्हता. निवड झाली ती प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणाऱ्या एका तरुणाची. शियाळी रामामृत रंगनाथन हे त्याचं नाव. ग्रंथालयाबद्दलचं त्याचं ज्ञान म्हणजे मुलाखतीच्या काही दिवस आधी ज्ञानकोशात वाचलेला एक लेख!

जानेवारी १९२४ मध्ये रंगनाथन रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळले. वर्गातला गजबजाट कुठे आणि हा शुकशुकाट कुठे! मला माझं गणित परत द्या, अशी विनवणी घेऊन ते आपल्या जुन्या कॉलेजात गेले. तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की, ठरल्याप्रमाणे आधी लंडनला जाऊन शिकून या. परतल्यावरही मन रमलं नाही तर तुमची जुनी जागा तुम्हाला मिळेल. ते गेले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांना बर्विक सेयर्स यांच्यासारखे शिक्षक भेटले. क्रॉयडनचं सार्वजनिक ग्रंथालय त्यांनी आतून पाहिलं, इंग्लंडभर हिंडून इतर ग्रंथालयं न्याहाळली. १९२५ मध्ये परतले ते गणिताकडे पाठ फिरवूनच.

या गोष्टीत रंगनाथन यांच्या प्रतिभेचं कौतुक सगळेच करतात. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगणारं त्यांचं पुस्तक १९३१ मध्ये आणि द्विबिंदू वर्गीकरण १९३३ मध्ये आलं. जगानं त्यांची दखल घेतली. माझं लक्ष मात्र विद्यापीठाकडे जातं. पदवीधारक मिळत नाही हे दिसल्यावर विद्यापीठानं जागा रिकामी ठेवली नाही, की चार दिवसांचा पाहुणा बोलावून वेळ मारून नेली नाही. एक कुवतीचा माणूस निवडला, त्याला कायम जागा दिली, शिकायला पाठवलं आणि तो परत येईपर्यंत वाट पाहिली.

त्याचं फळ काय मिळालं? १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला. १९२९ मध्ये संघाचा उन्हाळी वर्ग सुरू झाला आणि रंगनाथन त्यात शिकवू लागले. १९३१ मध्ये तो वर्ग विद्यापीठानं आपल्याकडे घेतला आणि १९३७ मध्ये त्याची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका झाली. ग्रंथपाल वीस वर्षं त्याच जागेवर होता, म्हणून हे पायरी-पायरीनं घडलं. १९४५ मध्ये त्यांनी मद्रास सोडलं. डॉ. राधाकृष्णन यांच्या बोलावण्यावरून ते बनारसला गेले आणि १९४७ मध्ये सर मॉरिस ग्वायर यांच्या बोलावण्यावरून दिल्ली विद्यापीठात. दिल्लीत हा विषय पदविकेच्या पलीकडे, पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.पर्यंत पोचला. मुंबई विद्यापीठानंही चाळीसच्या दशकात पदविका सुरू केली, आणि १९६१ मध्ये मुंबईच्याच एसएनडीटी महिला विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राची शाळा निघाली.

वर्ग वाढले, शिक्षक मात्र त्या वेगानं वाढले नाहीत. कित्येक ठिकाणी विद्यापीठाचा ग्रंथपाल हाच विभागप्रमुख. दिवसभर ग्रंथालय सांभाळायचं आणि त्यातूनच वेळ काढून शिकवायचं. याचा परिणाम एका गोष्टीवरून कळतो. भारतातली ग्रंथालयशास्त्राची पहिली पीएच.डी. दिल्लीत, रंगनाथन यांच्या मार्गदर्शनाखाली, पन्नासच्या दशकात झाली. दुसरी व्हायला १९७७ साल उजाडलं! पीएच.डी.ला मार्गदर्शक लागतो, मार्गदर्शकाला विद्यापीठात जागा लागते. जागा नसली की एक अख्खी पिढी मधून गळून पडते, ती अशी.

रंगनाथन यांना हे फार आधी उमगलं होतं. १९५६ मध्ये त्यांनी आयुष्यभराच्या पुंजीतून एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला दिले. त्या काळचे एक लाख! ते दिले कशासाठी? इमारतीसाठी नाही, पुतळ्यासाठी नाही. ग्रंथालयशास्त्राच्या एका प्राध्यापकपदासाठी. त्या पदाला त्यांनी आपल्या पत्नीचं, शारदाबाईंचं नाव दिलं. आपण नसताना या खुर्चीवर कुणीतरी असलं पाहिजे, एवढीच त्यांची काळजी.

आता आजचं पाहू. शिक्षक निवडण्याचे नियम आज पक्के आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनं सहायक प्राध्यापकासाठी पंचावन्न टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट अशी पात्रता घातली. ठरावीक अटी पाळून पीएच.डी. केलेल्यांना त्यातून सूट दिली. या चाळणीतून १९२४ चे रंगनाथन खाली पडले असते, असं गमतीनं म्हणता येईल. पण त्यात नियमाचा दोष नाही. तेव्हा पदवीच नव्हती. आज पदवीधर आहेत. चाळणी लावता येते, कारण चाळायला दाणे आहेत. हे त्या पहिल्या पिढीचंच यश.

मग अडतं कुठे? माझ्या धाकट्या भावाची मुलगी या विषयात एम.लिब. झाली, नंतर नेट उत्तीर्ण झाली. एका विद्यापीठात तासिका तत्त्वावर शिकवते. जितके तास, तितके पैसे. सुटी लागली की तेही नाहीत. दरवर्षी नवी जाहिरात, नवी मुलाखत, त्याच कागदपत्रांचा तोच गठ्ठा. गेल्या ईदला घरी आली तेव्हा मी विचारलं, कसं चाललंय? म्हणाली, “चाचा, वेळापत्रकात माझं नाव आहे, पण विभागाच्या फलकावर नाही.” तिच्या हाताखालून मुलं शिकून बाहेर पडतात. पण एखादा अभ्यासक्रम नव्यानं आखावा, एखाद्या संशोधनाला हात घालावा, असं ती ठरवू शकत नाही. पुढच्या वर्षी आपण तिथे असू का, हेच तिला ठाऊक नसतं. बॉर्डन आणि डिकिन्सन निदान सातासमुद्रापलीकडून आलेले पाहुणे होते. आपण आपल्याच मुलींना पाहुणं करून ठेवलं आहे.

कुणी म्हणेल, आता सगळं संगणकावर मिळतं, ग्रंथपाल कशाला आणि त्यांचे प्राध्यापक कशाला? मला उलटं वाटतं. जिथे माहिती थोडी, तिथे शोधणाऱ्याचं काम सोपं. माहितीचा महापूर आला की खरं कुठलं आणि खोटं कुठलं, हे निवडायला शिकलेला माणूस अधिक लागतो. त्याला शिकवणारा तर त्याहून लागतो.

मद्रासनं जे केलं ते फार खर्चाचं नव्हतं. एक जागा, एक माणूस आणि त्याच्यावर टाकलेला विश्वास, इतकंच ते होतं. तेवढ्या भांडवलावर देशात एक शास्त्र उभं राहिलं. आज पात्र माणसं शोधायला लंडनला कुणाला पाठवावं लागत नाही. ती आपल्या घरांत, हातात प्रमाणपत्रं घेऊन पुढच्या जाहिरातीची वाट पाहत बसली आहेत. जागा तेवढ्या काढायच्या आहेत, आणि काढलेल्या भरायच्या आहेत.