शनिवारचा आनंद

रॉबर्टा ग्रॉसमन यांचा 'हू विल राइट अवर हिस्टरी' (२०१८) हा माहितीपट नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वॉर्सा घेट्टोतल्या चोरट्या दफ्तराचा आहे. इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लूम यांनी साठेक माणसं जोडली. रोजनिशा, रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, गोळ्यांवरचे कागद, हाती लागेल ते जमवलं आणि पत्र्याच्या दहा पेट्यांत, दोन दुधाच्या कॅनांत पुरलं. पेट्या १९४६ मध्ये निघाल्या, कॅन १९५० मध्ये. पेट्यांत पाणी शिरून कागदांचा लगदा व्हायची वेळ आलेली; कॅनांतले कागद बरेच धड. पुरलेला तिसरा साठा सापडलेलाच नाही.

मी अडखळलो तो गटाच्या नावाशी. 'ओयनेग शाबेस' म्हणजे शब्बाथचा, ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतिदिनाचा, आनंद. माणसं उपाशी मरत असताना हे नाव? जाणकार सांगतात, बैठका शनिवारी व्हायच्या, म्हणून. मग नुसतं 'शनिवार' का नाही? आपल्या कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंना गावानं 'शनवार तेली' म्हटलं. वार आला, धंदा आला, नाव झालं. इथे हा आनंद कुठून शिरला?

शब्द जुना, बायबलमधल्या यशयाच्या ५८व्या अध्यायातला. पण त्याला नवं बाळसं आणलं ते हिब्रू कवी बियालिकनं. विसाच्या दशकात तेल अवीवला तो शनिवारी व्याख्यानं-गाण्यांच्या बैठका भरवी, नाव 'ओनेग शब्बात'. आणि हाच बियालिक १९०३ मध्ये किशिनेवच्या ज्यूंच्या कत्तलीनंतर तिथं जाऊन वाचलेल्यांच्या जबान्या उतरवत बसला होता! वह्या त्याच्या हयातीत छापल्याच नाहीत. गाजली ती त्यावरची कविता. माझा तर्क असा की रिंगेलब्लूम यांनी कवीच्या बैठकीचं नाव उचललं आणि त्याच्या पडून राहिलेल्या वह्यांचं काम पुढं नेलं.

यावर हरकत आहे, तीही तगडी. रिंगेलब्लूम डाव्या पोआले झिऑन या कामगार पक्षाचे, यिडिशचे कट्टर कैवारी. हिब्रूच्या महाकवीचं ऋण ते कशाला घेतील? असो. भांडण भाषेचं होतं, शनिवारचं नव्हे, आणि उच्चार त्यांनी यिडिश केलाच की.

गटातले तिघंच वाचले. त्यांतल्या राखेल आउअरबाख घेट्टोत सूपचं स्वयंपाकघर चालवायच्या. माहितीपट बराचसा त्यांच्याच नजरेतून उलगडतो. युद्धानंतर पुरलेलं उकरून काढा म्हणून त्यांनी सगळ्यांच्या मागे लकडा लावला. पुढं १९५४ पासून याद वाशेम या इस्राएलच्या स्मारक-संस्थेसाठी वाचलेल्यांच्या जबान्या नोंदवून घेण्याचा विभाग त्यांनीच उभा केला. तोही तेल अवीवला.