कोल्हा, काटेरी तार आणि कारूचे कुरण

गवताचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. लढाया आणि तहांच्या पानांत गुरेढोरे येतात ती बहुधा लुटीच्या आकड्यांत. पण दक्षिण आफ्रिकेत विसाव्या शतकात गवताच्या प्रश्नाने सरकार हलवले, कायदे घडवले आणि शेवटी माणसेही मारली. आजचा धागा त्या प्रश्नाचा आहे : मेंढरे एकाच कुरणात वर्षभर मोकळी चरू द्यावीत, की कुरणाचे भाग पाडून पाळीपाळीने एकेक भाग चारावा आणि बाकीच्यांना विसावा द्यावा?

पहिलीला अखंड चराई म्हणू, दुसरीला आवर्तन चराई. दुसरीमागचा तर्क सोपा आहे. जनावर निवडून खाते. गोड गवत आधी संपते, त्याला नवा फुटवा आला की तोही लगेच खुडला जातो. मुळांतला साठा आटतो, चांगले गवत मरते आणि नको असलेली झुडपे फोफावतात. मध्ये विसावा मिळाला तर गवत सावरते. स्कॉटलंडच्या जेम्स अँडरसन यांनी १७७० च्या दशकातच कुरणाचे पंधरा-वीस भाग पाडण्याचा सल्ला दिला होता. म्हणजे कल्पना नवी नव्हती. ती राजसत्तेच्या हाती कशी पडली, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

कारू हा दक्षिण आफ्रिकेचा कोरडा, विरळ झुडपांचा अंतर्भाग. तेथे खोईखोई पशुपालक पावसामागे कळप हलवत. पुढे आलेले डच वंशाचे ट्रेकबोअरही तेच करू लागले. एकोणिसाव्या शतकात मेरिनो मेंढी आली, लोकरीला भाव आला, जमिनींच्या हद्दी आखल्या गेल्या आणि कळपांची भ्रमंती आक्रसली. शिवाय कोल्ह्यांची भीती होतीच. म्हणून मेंढपाळ रोज संध्याकाळी सारी मेंढरे 'क्राल'मध्ये, म्हणजे कायमच्या मेंढवाड्यात, कोंडून ठेवत.

येथे थोडे थांबू, कारण सगळी गोम या मेंढवाड्यात आहे. हजारो खूर रोज सकाळी एकाच वाटेने बाहेर पडत आणि रोज संध्याकाळी त्याच वाटेने परतत. वाड्याभोवतीचे गवत तुडवून नाहीसे होई, वाटांचे घळ होत, पावसाचे पाणी त्यांतून माती घेऊन धावे. शेण-लेंडी एका जागी साचे आणि लांबचे कुरण खतावाचून राही. दाटीत रोग पसरत ते वेगळेच. रानात कोल्हा आहे म्हणून जमीन झिजते, हे वाक्य विक्षिप्त वाटेल, पण तर्क अगदी सरळ आहे.

१९१९ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने दुष्काळ चौकशी आयोग नेमला. त्याचा अंतिम अहवाल १९२३ चा. शेतकऱ्यांची तक्रार होती की पाऊस कमी झाला आहे. आयोगाने ती मान्य केली नाही. पाऊस घटल्याचा पुरावा नाही. पाणी धरून ठेवण्याची जमिनीची शक्ती घटली आहे आणि ती माणसाच्या चराईपद्धतीने घटली आहे, असा त्याचा निष्कर्ष. देश वाळवंट होईल, असा इशाराही त्याने दिला. उपाय असे : कोल्ह्याला अडवणारे तारेच्या जाळीचे कुंपण घाला, कुरणाचे तुकडे पाडा, प्रत्येकात पाण्याची सोय करा, रात्री मेंढरे उघड्यावर राहू द्या आणि तुकडे पाळीपाळीने चारा.

सरकारी अहवालात निसर्गाला दोष न देता शेतकऱ्यालाच आरसा दाखवणे मला आजही धाडसाचे वाटते. मात्र कुंपणाला पैसा लागतो. १९१२ च्या कुंपण कायद्याने शेजाऱ्याकडून खर्चाचा वाटा मागता येत होता, सरकारी कर्जेही मिळत होती. हे सारे गोऱ्या जमीनमालकांसाठी. तार आली तशी मेंढपाळाची गरज उरली नाही, आणि ते मेंढपाळ बहुतांशी काळे होते.

खरा पेच राखीव प्रदेशांत आला. १९१३ च्या भूमी कायद्याने बहुसंख्य आफ्रिकी जनतेसाठी देशाची सुमारे ७ टक्के जमीन ठेवली होती. १९३६ मध्ये ती मर्यादा सुमारे १३ टक्क्यांवर नेण्याचे ठरले. इतक्या जमिनीत गुरांची दाटी होणार नाही तर काय? १९३९ च्या जाहीरनामा क्रमांक ३१ ने 'सुधारणा' योजना आणली. वस्ती, शेती आणि चराई यांचे पट्टे आखायचे, विखुरलेली घरे हलवून रांगेत बसवायची, चराईचे कुंपणबंद तुकडे करायचे आणि 'जादा' गुरे कमी करायची. गोऱ्या शेतकऱ्याला जे कर्ज आणि सल्ला म्हणून मिळाले, तेच येथे हुकूम म्हणून आले. आवर्तन चराईला विसाव्याची जागा लागते. ज्यांच्याकडे जागाच नव्हती त्यांच्या वाट्याला विसावा म्हणजे गुरांची कपात, एवढाच अर्थ आला. ज्या घरात गाय हीच बँक आणि वधूमूल्यही, त्या घराला हे कसे वाटले असेल? १९५० मध्ये विट्झीसहुक येथे गुरेकपातीविरुद्धचा असंतोष उसळला आणि पोलिसांशी झालेल्या चकमकीत माणसे मेली. १९६० च्या पोंडोलँडमधील उठावामागे इतर कारणे होती, तरी या 'सुधारणे'चा रागही त्यांत होता.

विज्ञान तरी निःसंशय होते का? वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन अकॉक्स यांचे म्हणणे चक्रावणारे होते : देशात गुरे कमी आहेत, तरीही अतिचराई होते आहे, दोष संख्येचा नाही, निवडून खाण्याचा आहे. तत्कालीन ऱ्होडेशियातील ॲलन सेव्हरी यांनी तोच धागा पुढे नेला. उलट २००८ मध्ये डेव्हिड ब्रिस्के आणि सहकाऱ्यांनी जुन्या प्रयोगांचा ताळा मांडला तेव्हा २३ पैकी २० प्रयोगांत अखंड चराईखालील वनस्पती-उत्पादन आवर्तन चराईइतके किंवा त्याहून अधिक निघाले. आखीव प्रयोगात खऱ्या पशुपालकाचे प्रसंगावधान मोजले जात नाही, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. वाद चालू आहे. पण ज्या पद्धतीसाठी लोकांची घरे हलवली, तिचा पाया इतका पक्का नव्हता, हे नोंदवावेच लागेल.

आता आपल्या मुलखाकडे एक नजर. फलटण-माणदेशाकडचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, कापणी झालेल्या खाचरांत मेंढरे बसवतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी माघारी फिरतात. त्यांची वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, रोज जागा बदलते. लेंडीखत एका शेतातून दुसऱ्या शेतात पसरते आणि शेतकरी त्याबदली धान्य देतो. कारूतल्या कायमच्या मेंढवाड्याच्या नेमके उलट. तार नाही, जाहीरनामा नाही, तरी पाळी आहे आणि विसावाही आहे. १८७८ च्या वन कायद्यानंतर रानामागून राने राखीव होत गेली आणि अशा वाटा अडू लागल्या. त्या कायद्याची कहाणी पुढच्या धाग्यात.