एल्वा नदीवरची दोन धरणे

धरणे बांधली गेल्याच्या हकिकती आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. आज सांगावयाची आहे ती हकिकत उलटी आहे. चालू असलेली, वीज देत असलेली दोन धरणे एका सरकारने खाजगी मालकाकडून रोख पैसे मोजून विकत घेतली आणि नंतर त्याहून कितीतरी जास्त पैसे खर्चून ती पाडून टाकली. ऐकणारा म्हणेल, हे लोक शहाणे की वेडे? पण असा निकाल लगेच देऊन चालणार नाही. त्यासाठी १८५५ सालापर्यंत मागे जावे लागेल.

अमेरिकेच्या नकाशात अगदी वायव्येच्या कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. (राजधानीचे वॉशिंग्टन शहर निराळे, ते दुसऱ्या टोकाला.) या राज्यात ऑलिंपिक पर्वताचा एक द्वीपकल्प समुद्रात घुसलेला आहे. माथ्यावर बर्फ, उतारावर देवदार जातीच्या झाडांचे घनदाट रान, आणि पाऊस तर आपल्या सह्याद्रीची आठवण व्हावी असा. त्या पर्वतात एल्वा नदी उगम पावते आणि उत्तरेकडे धावत जाऊन सामुद्रधुनीला मिळते. लांबी अवघी ७२ किलोमीटर. आपल्या कोकणातल्या नद्यांसारखीच म्हणा ना, आखूड, उताराची आणि लगेच समुद्र गाठणारी.

कोकणातल्या श्रोत्यांना वलगण ठाऊक आहे, देशावरच्यांना चढणीचे मासे ठाऊक आहेत. पहिल्या पावसाचे लाल पाणी ओढ्याला आले की मासे अंडी घालण्यासाठी उलट्या धारेने वर चढू लागतात. एल्वा नदीत हेच घडे, पण फार मोठ्या मानाने. तिथला मासा म्हणजे सॅमन. (मुंबईच्या हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण त्या दोघांचे नाते काही नाही.) सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, पिल्लू असताना समुद्रात उतरतो, काही वर्षे तिथे वाढतो आणि अंडी घालण्याची वेळ आली की आपल्या जन्माच्या नदीतच परत येतो. पॅसिफिककडील सॅमन अंडी घातल्यावर बहुधा मरून जातात. एल्वा नदीत सॅमनच्या पाच जाती चढत, आणि चिनूक नावाच्या जातीतला एखादा मासा १०० पौंडांचा, म्हणजे आपल्या जुन्या मापाने जवळजवळ सव्वा मणाचा भरे. धरणांपूर्वी वर्षाला चार लाखांच्या घरात मासे नदीत परतत असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

या नदीकाठी क्लॅलम जमातीचे लोक शेकडो पिढ्या राहत आले. १८५५ साली अमेरिकन सरकारने त्यांच्याशी आणि शेजारच्या जमातींशी तह केला. जमातींनी जमीन दिली. मात्र आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. ही एक ओळ आपण लक्षात ठेवू, कारण पुढे सव्वाशे वर्षांनी तीच कामाला आली.

१८९० साली थॉमस ऑल्डवेल नावाचा एक तरुण नदीजवळच्या पोर्ट अँजेलिस या गावी आला. हा मूळचा कॅनडातला. नदीची अरुंद घळ पाहून त्याच्या मनात विजेचे गणित सुरू झाले. त्याने गाजावाजा न करता काठच्या जमिनी घेतल्या, भांडवलदार मिळवले आणि १९१० साली मुखापासून जेमतेम ८ किलोमीटरवर धरणाचे काम सुरू केले. माणूस चिकाटीचा होता, यात शंका नाही. पण योगायोग असा की तो ज्या साली तिथे आला त्याच साली, १८९० मध्ये, वॉशिंग्टन राज्याने कायदा केला होता की ज्या नदीत खाण्याचे मासे चढतात तिथे बांध घालणाऱ्याने माशांना वर जाण्याची वाट ठेवलीच पाहिजे. अशी वाट म्हणजे धरणाच्या कुशीला पाण्याच्या पायऱ्या करतात. मासा एकेक पायरी उडी मारत वर जातो. ऑल्डवेलच्या धरणाला अशा पायऱ्या नव्हत्या. थोडक्यात, हे धरण पहिल्या दिवसापासून बेकायदेशीर होते.

घाईही भोवली. भिंतीचा पाया खालच्या पक्क्या खडकाला भिडवलाच नव्हता. ३१ ऑक्टोबर १९१२ रोजी, तलाव भरत असताना, पाणी भिंतीच्या खालून फुटून निघाले. वर भिंत तशीच उभी आणि बुडाखालून नदी धो धो वाहते आहे, असे ते दृश्य! खालच्या अंगाला क्लॅलम लोकांची घरे पाण्यात गेली. पूर ओसरल्यावर झाडांच्या फांद्यांत मासे अडकलेले होते, ही आठवण त्यांच्या घराघरांत सांगितली जाते. पानशेतही १२ जुलै १९६१ रोजी पहिल्याच भरतीत फुटले, हे पुण्याकडच्या मंडळींना सांगावयास नको. एल्वाच्या भगदाडात दगड, माती, झाडांच्या फांद्यांच्या जुड्या कोंबून ते बुजवले, आणि १९१३ साली वीज सुरू झाली.

मग माशांच्या कायद्याचे काय? इथे राज्याच्या मत्स्य आयुक्तांनी जी युक्ती काढली ती वकिलांनाही मान खाली घालायला लावील. कायद्याने धरणाला बंदी असेल, पण सरकारला अंडी गोळा करण्यासाठी नदीत अडथळा उभारता येतो. तेव्हा धरणाशेजारी अंडी उबवण्याचे केंद्र काढा आणि हे धरणच तो अडथळा आहे असे म्हणा! ३३ मीटर उंचीची भिंत अशा रीतीने कागदावर मासे धरण्याचे साधन झाली. केंद्र निघाले खरे, पण चालले नाही, आणि १९२२ साली ते सोडूनही दिले. धरण मात्र राहिले. १९२७ साली आणखी वरच्या बाजूला, मुखापासून साडेएकवीस किलोमीटरवर, ६४ मीटर उंचीचे दुसरे धरण झाले, ग्लाइन्स कॅन्यन नावाचे. त्यालाही माशांची वाट नव्हती. १९३८ साली त्या पर्वतावर राष्ट्रीय उद्यान झाले, आणि पुढे वरचे धरण त्याच्या हद्दीत आले. राखलेल्या रानाच्या पोटात अडलेली नदी, असा हा विचित्र संसार.

आपल्याकडे हीच वर्षे कशी होती पाहा. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. तिथे माणसांच्या जमिनी बुडाल्या, तिकडे मासे अडले आणि माशांवर जगणारी माणसे उपाशी पडली. वीज दूरच्या गिरण्यांना आणि किंमत नदीकाठच्याला, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच दिसतो.

एल्वाची वीज पोर्ट अँजेलिसच्या लाकूड-कागद गिरण्यांना आणि ब्रेमर्टनच्या नौदल गोदीला गेली. तो भाग त्या विजेने वाढला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण मासे खालच्या ८ किलोमीटरांत कोंडले गेले. वरची ११० किलोमीटरांहून अधिक नदी आणि तिच्या उपनद्या त्यांना बंद झाल्या, आणि लाखांच्या जागी काही हजार मासे उरले. नदीने आणलेली रेती-गोटे दोन्ही तलावांत साठत राहिले. मुखाशी नवी रेती येईना, म्हणून तिथला किनारा झिजून नुसते धोंडे उरले व शिंपले नाहीसे झाले. क्लॅलम लोकांचे आणखी एक नुकसान पैशात मोजता येत नाही. आपली उत्पत्ती नदीकाठच्या ज्या खडकावर झाली असे ते मानतात, तो टोपलीच्या आकाराचे खळगे असलेला खडक खालच्या तलावात बुडाला. म्हातारी माणसे त्याची गोष्ट सांगत, नातवंडांना तो पाहता येत नसे.

आता ती १८५५ची ओळ. १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की तहाने राखलेला हक्क आजही जिवंत आहे आणि पकडता येण्याजोग्या माशांपैकी अर्ध्यावर जमातींचा अधिकार आहे. १९७९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल मुख्यतः उचलून धरला. अर्धे मासे तुमचे म्हटले, पण नदीत मासेच नसतील तर अर्ध्याचे अर्धे काय? त्याच सुमारास दुसरी गोष्ट घडली. वरच्या धरणाचा परवाना ५० वर्षांचा होता. तो १९७६ साली संपला. खालच्या धरणाला तर मध्यवर्ती सरकारचा परवाना कधी नव्हताच. नवा परवाना द्यावयाचा तर माशांची वाट, धरणाची मजबुती, तहाचा हक्क, सगळे प्रश्न पुन्हा मांडावे लागणार. माझ्या मते या सबंध इतिहासाची किल्ली इथे आहे. परवान्याला मुदत होती, म्हणून जुन्या अन्यायाची फाईल पुन्हा उघडावी लागली. मुदत नसती तर कोणी विचारले असते?

१९८०नंतरच्या वर्षांत जमात आणि निसर्गप्रेमी संस्था परवान्याच्या वादात उतरल्या. मालकालाही कळून चुकले की माशांसाठी करावयाचा खर्च विजेच्या उत्पन्नात बसणार नाही. दोन्ही धरणांची मिळून शक्ती अवघी २८ मेगावॉट होती आणि शेवटी ती एकाच कागद गिरणीची गरज अंशतः भागवत होती. १९९२ साली अमेरिकन संसदेने एल्वा नदी पूर्ववत करण्याचा कायदा केला. पुढे पैशासाठी वर्षानुवर्षे अडले. याच राज्याचे सिनेटर स्लेड गॉर्टन यांनी बराच काळ पैसे रोखून धरले. २००० साली सरकारने दोन्ही धरणे २ कोटी ९५ लाख डॉलरना घेतली. तरी पहिला घाव २०११च्या सप्टेंबरातच बसला. कायदा होऊन एकोणीस वर्षे!

उशिराचे कारण एकटे राजकारण नव्हते. तलावांत सुमारे दोन कोटी दहा लाख घनमीटर गाळ साठला होता. भिंत एकदम फोडली तर तो सगळा खालच्या गावावर जाणार. आणि पोर्ट अँजेलिसचे शहर व गिरण्या तेव्हा याच नदीचे पाणी पीत. म्हणून आधी पाणी शुद्ध करण्याची केंद्रे बांधावी लागली, पूर अडवणारे बंधारे उंच करावे लागले. सबंध प्रकल्पाला सुमारे साडेबत्तीस कोटी डॉलर लागले, त्यांतला भिंती पाडण्याचा ठेका दोन कोटी सत्तर लाखांच्या आसपासचा होता. पाडणे स्वस्त, पाडण्याची तयारी महाग. कामही हळूहळू झाले: भिंतीचा एकेक थर उतरवावयाचा, पाणी खाली येऊ द्यावयाचे, मासे चढण्याच्या दिवसांत काम बंद. खालची भिंत २०१२च्या मार्चपर्यंत गेली. वरचीचा शेवटचा तुकडा २६ ऑगस्ट २०१४ रोजी सुरुंगाने उडवला. मध्यंतरी नदी इतकी गढूळ झाली की शुद्धीकरणाची नवी यंत्रणाही गाळाने तुंबली. वर घळीत पडलेल्या धोंड्यांनी माशांची वाट पुन्हा अडवली, म्हणून पुढे तेही फोडावे लागले.

तलाव आटल्यावर तळाशी काय दिसले? शंभर वर्षांपूर्वी तोडलेल्या प्रचंड देवदारांचे बुंधे, त्यांवर लाकूडतोड्यांनी उभे राहण्यासाठी केलेल्या खाचांसकट, जसेच्या तसे उभे. सुमारे ८०० एकर जमीन उघडी पडली. तिच्यावर स्थानिक रानाचीच रोपे आणि बी लावले. मोकळ्या रेतीत ल्युपिन नावाची शेंगवर्गीय झुडपे जोमाने पसरली. आपण हिरवळीच्या खतासाठी ताग पेरतो, तसेच हेही झाड हवेतला नत्र जमिनीत आणते. आणि रानाचा माशांशी संबंध असा: समुद्रात वाढून आलेला सॅमन रानात मरतो, अस्वल-गरुड त्याला काठावर ओढून नेतात, आणि समुद्रातला नत्र झाडांच्या मुळांशी पोचतो. एल्वाच्या खोऱ्यात डिपर नावाच्या पाणपक्ष्याचा अभ्यास झाला, तेव्हा जिथे सॅमन पोचतो तिथल्या पक्ष्यांच्या अंगात समुद्राचा अंश सापडला आणि ते अधिक धडधाकट असल्याचे दिसले.

२०१२ साली क्लॅलम लोकांना त्यांचा तो खडकही सापडला. मुखाशी गाळ पोचून तिथे रेतीचा नवा किनारा तयार झाला आहे. चिनूक मासे २०१४च्या शरदातच वरच्या धरणाच्या जागेपलीकडे गेले. वरच्या पाण्यात इतकी वर्षे कोंडून पडलेल्या रेनबो ट्राउट माशांच्या वंशातून पुन्हा समुद्राला जाऊन येणारे स्टीलहेड निघाले. शंभर वर्षांच्या कैदेतही त्यांचे रक्त समुद्राची वाट विसरले नव्हते.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग आपलीही धरणे पाडा की! तसा अर्थ मी लावणार नाही. एल्वाची धरणे केवळ विजेसाठी होती. त्यांच्यावर एकही शेत भिजत नव्हते. उजनी आणि जायकवाडीवर लाखो माणसांचे पिण्याचे पाणी आणि शेती उभी आहे. पण नव्या बंधाऱ्याची चर्चा गावात होईल तेव्हा ओढ्याला कोणते मासे चढतात, खाली कोणाचे पोट त्यांवर आहे, गाळ कुठे जाणार आणि मुदत किती, हे आधी विचारून लिहून घ्यावयास हरकत नाही. शिक्षकांनी आपल्या ओढ्याला वलगणीच्या दिवसांत येणाऱ्या माशांची नावे मुलांकडून गोळा करून वहीत उतरवली तरी पुष्कळ काम होईल.

नदी मोकळी झाली तरी मासेमारी लगेच सुरू झाली नाही. २०११ पासून एल्वावर सर्वांनाच मासेबंदी होती, क्लॅलम लोकांनाही, आणि तिला त्यांची संमती होती. २०२३च्या ऑक्टोबरात, बारा वर्षांनी, जमातीला कोहो जातीचे थोडे मासे घरच्या जेवणापुरते आणि समारंभापुरते धरण्याची मोकळीक मिळाली. चिनूकला तेव्हाही हात लावावयाचा नव्हता.