नानू की बाबू?

बल्लारपूर सोडून वर्धेचा पूल ओलांडला की राजुरा येते. आज नदीच्या दोन्ही काठांवर चंद्रपूर जिल्हाच आहे. पण १९५६ पर्यंत ही नदी सरहद्द होती. अलीकडे मध्य प्रांताचा चांदा, पलीकडे हैदराबाद. राजुरा तेव्हा अदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो आधी नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्यात आला.

निजामाच्या राज्यात १८८४ मध्ये फारसीची जागा उर्दूने घेतली. शेतकरी मराठी, गोंडी नाहीतर तेलुगू बोलणारा. पण तहसिलीतला हुकूम आणि नक्कल उर्दूत. माणूस गेला, राज्य गेले, कागद पेटीत राहिला.

त्या पेटीची आठवण २००६ च्या वनहक्क कायद्याने करून दिली. आदिवासी नसलेल्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. हिशेब करा, आपण १९३० सालात पोहोचतो. गडचिरोलीकडच्या माणसाचा त्या सालचा कागद इंग्रजी अमदानीचा. राजुऱ्याकडच्याचा निजामाचा.

असाच एक ओळखीचा शेतकरी मध्यंतरी माझ्याकडे आला. आजोबांच्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो पुढे करून म्हणाला, ‘‘भाऊ, तुमच्या भाषेतला आहे, वाचून द्या.’’ मी ओशाळलो. घरी आम्ही उर्दू बोलतो, पण माझी शाळा मराठी, कविताही मराठीत. छापील उर्दू मी अडखळत वाचतो. हा कागद तर ‘शिकस्ता’ वळणाचा, म्हणजे कचेरीतल्या घाईचे मोडके अक्षर. त्यात कारकून नुक्ते गाळतो. नुक्ता म्हणजे टिंब. वर एक टिंब दिले की ‘न’, तेच खाली दिले की ‘ब’. टिंबे गाळली तर ‘नानू’ आणि ‘बाबू’ एकसारखेच दिसतात. ऱ्हस्व स्वर तर बहुधा लिहीतच नाहीत.

या लिपीने यंत्रालाही बरेच दमवले आहे. नस्तालीक वळणात शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो, अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलते. खिळ्यांच्या छपाईला ते साधेना, म्हणून उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हातानेच लिहिली जात. १९८१ मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडआकृत्या घडवून ‘नूरी नस्तालीक’ संगणकावर आणली, तेव्हा कुठे हे बदलले. आता फोनवरही नस्तालीक दिसते. आमची मुले मात्र उर्दू संदेश रोमन अक्षरांत पाठवतात. त्यांना रागवायला मला तोंड नाही.

दप्तरखान्यांतले कागद स्कॅन होत आहेत, ते चांगलेच आहे. मराठवाड्यात २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हाही उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांची गरज भासली. स्कॅन हे शेवटी चित्रच. शिकस्ता वाचणारा माणूस लागतोच.

शेवटी आम्ही ऐंशी ओलांडलेल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, गावाचे नाव वाचले, साल वाचले. आजोबांच्या नावावर थांबले. वर एक ठिपका दिसत होता. ‘‘हा नुक्ता असेल, नाहीतर कसरीने पाडलेले भोक. फोटोत कळायचे नाही. मूळ कागद घेऊन या.’’

तो पुढच्या सोमवारी पेटी घेऊन येणार आहे.