माजी विद्यार्थ्यांचा दावा

माजी विद्यार्थ्यांचे विद्यालयाविषयीचे ऋण बहुधा वार्षिक भोजन, दोनचार भाषणे आणि जुन्या प्राचार्यांच्या तसबिरीस घातलेला हार एवढ्यावर फिटते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी मात्र, मुंबई सरकारने १९३४ साली ते विद्यालय बंद केले तेव्हा, प्रत्यक्ष सरकारावरच दावा गुदरला.

विद्यालयाचे मूळ पेशवाईत आहे. श्रावणमासात पर्वतीच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांस जी दक्षिणा वाटली जाई, तिच्या निधीतून काही रक्कम वेगळी काढून, मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या पुढाकाराने ६ ऑक्टोबर १८२१ रोजी दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. पुढे तिचे पूना कॉलेज झाले, १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव पडले, आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीच्या आधारे येरवड्याच्या बाजूस उभारलेल्या दगडी इमारतीत १८६८ साली बिऱ्हाड हलले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर तेथेच शिकले. टिळक-आगरकरांनी लोकशिक्षणाचे मनसुबे त्याच आवारात रचले, आणि १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात असताना आगरकरांना त्या दिवसांची आठवण आली. टिळकांची खोली आजही जपून ठेवलेली आहे.

अशा आठवणी सांगून सरकारचे मन द्रवते, असा भ्रम या मंडळींना नव्हता, हे त्यांच्या व्यवहारज्ञानास शोभण्यासारखे होते. विद्येच्या कार्यासाठी एका दात्याने दिलेल्या पैशावर जी वास्तू उभी राहिली, ती काटकसरीच्या एका हुकुमाने मोडीत काढण्याचा अधिकार सरकारास पोचतो काय, हा प्रश्न भावनेचा नव्हे, कायद्याचा होता. आणि ज्या पुण्यात वकिलांची कधीच वाण नव्हती, तेथे तो न्यायासनापुढे जाणे क्रमप्राप्तच होते. अखेरीस सरकारला नमावे लागले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेजची दारे पुन्हा उघडली.

परंतु परत मिळाले ते त्यांचे जुने कॉलेज नव्हते. बी. ए.चे वर्ग गेले. हस्तलिखितांचा सरकारी संग्रह तर १९१८ सालीच भांडारकर संस्थेकडे गेला होता. आता ही पदव्युत्तर संशोधनाची संस्था झाली, आणि हसमुख सांकलिया पुरातत्त्वासाठी, इरावती कर्वे समाजशास्त्रासाठी, तर त्र्यंबक शंकर शेजवलकर मराठ्यांच्या इतिहासासाठी तेथे आले. माझ्या मते हा सौदा तोट्याचा मुळीच नव्हता, जरी हॉस्टेलमधील रात्री आणि नदीवरील नौकाविहार यांच्यासाठी झुरणाऱ्या एखाद्या वृद्ध वकिलास तो तसा वाटणे स्वाभाविक आहे. १९३९ सालीच इतिहाससंशोधक रावबहादूर पारसनिसांनी साताऱ्यास आयुष्यभर जमवलेला ऐतिहासिक संग्रहही येथे आला, आणि मोडी कागदांचे ते रुमाल शेजवलकरांच्या हाती पडले.