मान खाली, मूठ वर : मेक्सिको सिटीतले छत्तीस तास

मेक्सिको सिटी आणि रत्नागिरी यांच्या घड्याळांत तेव्हा साडेअकरा तासांचं अंतर होतं. तिकडे बुधवारची संध्याकाळ उतरायची तेव्हा मिरकरवाड्याच्या बंदरात गुरुवारची पहाट व्हायची. १९६८ साली महाराष्ट्रात टीव्ही नव्हता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. अमेरिकेचं राष्ट्रगीत चालू असताना दोन काळे धावपटू मूठ उंचावून उभे राहिले, हे कोकणात ज्यांना कळलं त्यांना ते छापील बातमीतून आणि एका छायाचित्रातून कळलं. त्या छायाचित्राच्या आधीचे आणि नंतरचे तास कुणी पाहिले नाहीत. घात झाला तो त्या तासांत. म्हणून ते क्रमानं, दोघांच्या निलंबनापर्यंत उलटे मोजत, मांडतो आहे, इथल्या घड्याळासकट.

सोळा दिवस आधी

२ ऑक्टोबर १९६८. मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्को चौकात निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांवर लष्करानं आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. किती मेले याचा आकडा आजवर वादात आहे. दहा दिवसांनी, १२ तारखेला, त्याच शहरात ऑलिम्पिकचं थाटात उद्घाटन झालं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं स्पर्धा रद्द केली नाही. खेळात राजकारण नको, असं तिचे अध्यक्ष ॲव्हरी ब्रंडेज सांगत राहिले. हेच ब्रंडेज १९३६ साली अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीचे प्रमुख होते आणि बर्लिनमध्ये जर्मन खेळाडूंनी केलेल्या नाझी सलामीवर त्यांनी हरकत घेतली नव्हती. पुढच्या छत्तीस तासांचा निकाल ज्यांच्या हाती होता ते हे गृहस्थ.

अमेरिकेतल्या काळ्या खेळाडूंची तयारी वर्षभर आधीपासून चालली होती. कॅलिफोर्नियात सॅन होजे इथं समाजशास्त्र शिकवणाऱ्या हॅरी एडवर्ड्स यांनी १९६७ च्या ऑक्टोबरात ‘मानवी हक्कांसाठी ऑलिम्पिक प्रकल्प’ उभा केला. मुहम्मद अलीचं काढून घेतलेलं अजिंक्यपद परत करा, दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशिया यांना बाहेर ठेवा, काळे प्रशिक्षक नेमा, ब्रंडेजना हटवा, या मागण्या. ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकण्याचं ठरत होतं, पण एकमत झालं नाही. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. शेवटी ठरलं ते एवढंच : जायचं, आणि ज्यानं त्यानं आपल्याला सुचेल तसा निषेध करायचा.

सुमारे चाळीस तास आधी

बुधवार, १६ ऑक्टोबर, दुपार. रत्नागिरीत मध्यरात्र उलटून गेलेली. २०० मीटरची उपान्त्य फेरी जिंकताना, त्या दोन धावपटूंपैकी एक, टॉमी स्मिथच्या मांडीचा आतला स्नायू ताणला गेला. तो लंगडत बाहेर आला आणि बर्फ लावून पडून राहिला. अंतिम शर्यतीला जेमतेम दोन तास होते. मूठ, हातमोजे, सगळं मागं पडलं; धावता येईल की नाही हाच प्रश्न होता. हा तपशील मला मोलाचा वाटतो. हे लोक तमाशा करायला आले होते असं नंतर म्हटलं गेलं. तो तर दुखऱ्या पायानिशी जिंकायला उभा राहिला होता.

सुमारे सदतीस तास आधी

संध्याकाळ. रत्नागिरीत पहाटेचा अंधार. वळणावर त्या दोघांतला दुसरा, जॉन कार्लोस पुढं होता. सरळ पट्ट्यात स्मिथनं त्याला मागं टाकलं आणि अखेरची रेषा यायच्या काही मीटर आधीच दोन्ही हात वर केले. वेळ १९.८३ सेकंद, जागतिक विक्रम. तो अकरा वर्षं टिकला आणि १९७९ मध्ये इटलीच्या पिएत्रो मेनेआनं मोडला, तोही याच शहरात. कार्लोसनं स्मिथ कुठं आहे ते पाहायला मान वळवली, तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन निसटला. नॉर्मन २०.०६, कार्लोस २०.१०.

मग पदकं मिळण्यापूर्वीची ती थोडी मिनिटं, स्टेडियमच्या पोटातल्या खोलीत. स्मिथकडे काळ्या हातमोज्यांची एक जोडी होती, त्याच्या बायकोनं आणलेली. कार्लोसची जोडी क्रीडाग्रामात राहिली होती. एकच जोडी दोघांनी वाटून घ्या, असं सुचवलं ते गोऱ्या नॉर्मननं. म्हणून छायाचित्रात स्मिथची उजवी मूठ वर आहे आणि कार्लोसची डावी. माणसाच्या हक्कांवर तुझा विश्वास आहे का, असं दोघांनी नॉर्मनला विचारलं. मुक्तिफौजेच्या संस्कारांत वाढलेला तो शिक्षक हो म्हणाला, आणि प्रकल्पाचा बिल्ला आपल्यालाही हवा म्हणाला. जादा बिल्ला कुणाकडेच नव्हता. मैदानाकडे जाताना अमेरिकेच्या नौकानयन संघातला पॉल हॉफमन भेटला, तोही गोरा. त्यानं स्वतःचा बिल्ला काढून दिला.

छत्तीस तास आधी

तिघं चौथऱ्याकडे आले. स्मिथ आणि कार्लोस यांच्या पायांत बूट नव्हते, नुसते काळे मोजे. काळ्या वस्त्यांतल्या दारिद्र्याची खूण म्हणून. स्मिथच्या गळ्यात काळा रुमाल. कार्लोसच्या गळ्यात मण्यांची माळ, झुंडीनं फासावर लटकवलेल्या काळ्या माणसांच्या आठवणीसाठी. त्याच्या जाकिटाची चेन उघडी होती, ती कष्टकऱ्यांसाठी. तिघांच्याही छातीवर बिल्ला. पदकं दिली लॉर्ड बर्ली यांनी, जे स्वतः १९२८ चे ऑलिम्पिक विजेते.

झेंडे वर चढू लागले, राष्ट्रगीत सुरू झालं. दोघांनी मान खाली घातली आणि हात वर केले. नॉर्मन त्यांच्यापुढं समोर पाहत ताठ उभा होता. मागं काय चाललंय हे त्याला दिसत नव्हतं.

ते उभे होते, हे इथं ठासून सांगायला हवं. ते बसले नाहीत, गुडघा टेकला नाही, झेंड्याकडे पाठ केली नाही, गाण्यात अडथळा आणला नाही, तोंडातून शब्द काढला नाही. देशासाठी सुवर्ण आणि कांस्य जिंकून ते त्या देशाच्या झेंड्याखाली सावधान उभे होते. मूठ आणि झुकलेली मान, एवढाच काय तो फरक. आधी स्टेडियम गप्प झालं. मग शिट्ट्या आणि हुर्यो सुरू झाली, ती दोघं मैदानाबाहेर पडताना वाढत गेली.

रत्नागिरीच्या उत्तरेला महाड फार दूर नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांच्या मागं लोक शिस्तीत चवदार तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्यायले आणि परतले. रत्नागिरी जिल्ह्यातली माणसंही त्यांत होती. कुणाच्या अंगाला हात लागला नव्हता. दोनेक तासांत आवई उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि परतणाऱ्या माणसांना वाटेत गाठून मारहाण झाली. हातून काय घडलं ते कुणी पाहिलंच नाही. ही माणसं आपली जागा सोडून पुढं आली, याचाच राग होता. मेक्सिकोतली हुर्यो मला त्याच जातीची वाटते.

त्या रात्री

रत्नागिरीत गुरुवारचा दिवस वर आला होता. पत्रकारांपुढं दोघांनी अर्थ उलगडून सांगितला. स्मिथच्या बोलण्याचा आशय असा : मी जिंकलो की अमेरिकन ठरतो, काही वावगं केलं की निग्रो ठरतो, काळ्या अमेरिकेला मात्र आम्ही काय केलं ते कळेल. बहुतेक अमेरिकी वर्तमानपत्रांना ते कळून घ्यायचं नव्हतं. शिकागोच्या एका स्तंभलेखकानं दोघांना चक्क नाझींच्या वादळी पथकातल्या शिपायांच्या पंक्तीला बसवलं. ‘टाइम’नं ऑलिम्पिकचं ‘अधिक वेगानं, अधिक उंच, अधिक बलवान’ हे ब्रीद मोडून त्या जागी राग आणि कुरूपता यांचे शब्द घातले. ज्या ब्रंडेजना १९३६ ची सलामी खुपली नव्हती त्यांना ही मूठ खुपली, आणि वर मूठवाल्यांनाच नाझी म्हटलं गेलं. हा अन्याय आज वाचतानाही डोक्यात तिडीक जाते.

साधारण वीस तास आधी

गुरुवार, १७ ऑक्टोबर. अमेरिकेच्या समितीनं आधी माफी मागून प्रकरण मिटवायचा प्रयत्न केला. खेळाडूंना काढून टाकायची तिची तयारी नव्हती. ब्रंडेज यांच्या समितीला तेवढ्यानं भागेना. दोघांना हाकला, नाहीतर अमेरिकेचा सगळा ॲथलेटिक्स संघ बाहेर जाईल, असा निरोप आला. रात्री उशिरापर्यंत खल चालला.

शून्य

शुक्रवार, १८ ऑक्टोबर, सकाळ. रत्नागिरीत दिवेलागण. स्मिथ आणि कार्लोस यांना संघातून निलंबित केल्याचं जाहीर झालं. ओळखपत्रं काढून घेतली, देश सोडायला अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली.

बिल्ला देणाऱ्या हॉफमनलाही समितीपुढं उभं करून कटाबद्दल विचारणा झाली, त्याच्या स्वतःच्या अंतिम शर्यतीच्या तोंडावर. ४०० मीटरचा ली इव्हान्स रडत होता, धावणार नाही म्हणत होता. कार्लोसनंच त्याला पळ आणि जिंक असं बजावलं. त्याच दिवशी इव्हान्सनं ४३.८६ सेकंदांचा विक्रम केला. तो आणि त्याचे दोन काळे सहकारी काळ्या टोप्या घालून चौथऱ्यावर आले, राष्ट्रगीत सुरू होताच त्यांनी टोप्या काढल्या. त्यांना शिक्षा झाली नाही.

त्यानंतरची वर्षं

मायदेशी दोघांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या, काम मिळेना. थंडीत ऊब मिळावी म्हणून घरातलं फर्निचर फोडून जाळल्याचं कार्लोसनं पुढं सांगितलं. ऑलिम्पिकचं पदक घरात, आणि शेगडीत खुर्चीचे पाय. अनेक वर्षांनी दोघंही शिक्षणक्षेत्रात स्थिरावले, स्मिथ महाविद्यालयात आणि कार्लोस एका शाळेत.

आपल्याकडे याचा पडसाद चार वर्षांनी उमटला, वेगळ्या रूपात. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. त्याच वर्षी स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाला पुण्याच्या ‘साधना’ साप्ताहिकाच्या १५ ऑगस्टच्या विशेषांकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला तीनशे रुपये दंड आणि ब्राह्मणगावात दलित स्त्रीची विटंबना करणाऱ्यांना पन्नास रुपये, ही तुलना त्यांनी केली आणि झेंड्याविषयी जहाल शब्द वापरले. महाराष्ट्रात वादळ उठलं. दुर्गाबाई भागवतांसारख्या निर्भीड लेखिकेलाही ते शब्द सहन झाले नाहीत. शब्दांवर आक्षेप असू शकतो, ते शब्द जिव्हारी लागणारे होतेच. पण गदारोळ तीनशे रुपयांच्या बाजूचा झाला. पन्नास रुपयांच्या बाजूनं रस्त्यावर कितीजण उतरले? मेक्सिकोतही मुठीची चर्चा झाली, बूट नसलेल्या पायांची झाली नाही.

राष्ट्रगीताचा मान मला प्रिय आहे. बावन्न सेकंद सगळे एकत्र उभे राहतात तेव्हा अंगावर काटा येतो. म्हणूनच तो मान लाठीसारखा वापरलेला पाहवत नाही. २०१६ मध्ये पणजीच्या चित्रपटगृहात राष्ट्रगीताला उभा राहिला नाही म्हणून एका माणसाला मागून मारलं. तो व्हीलचेअरवर होता. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचं केलं आणि २०१८ च्या जानेवारीत ती सक्ती मागं घेतली. त्याच न्यायालयानं १९८६ मध्ये केरळच्या तीन शाळकरी मुलांच्या प्रकरणात स्पष्ट केलं होतं की राष्ट्रगीताच्या वेळी आदरानं उभं राहून न गाणं हा अपमान नव्हे. त्या मुलांना शाळेतून काढलं होतं. न्यायालयानं परत घ्यायला लावलं. या कसोटीवर स्मिथ आणि कार्लोस निर्दोष सुटतात.

नॉर्मननं तर मूठही वळली नव्हती. पण पात्रतेची वेळ पुन्हापुन्हा गाठूनही १९७२ च्या म्युनिकला त्याला नेलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या ऑलिम्पिक समितीनं हा सूड होता हे कधी मान्य केलं नाही. ३ ऑक्टोबर २००६ ला तो गेला तेव्हा त्याच्या शवपेटीला स्मिथ आणि कार्लोस यांनी खांदा दिला. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेनं त्याची माफी मागितली, ऐकायला तो नव्हता. त्याची २०.०६ ची वेळ ऑस्ट्रेलियाचा विक्रम म्हणून छप्पन्न वर्षं टिकली. डिसेंबर २०२४ मध्ये गाउट गाउट या सोळा वर्षांच्या मुलानं ती मोडली, २०.०४ मध्ये. त्याचे आईवडील दक्षिण सुदानमधून आलेले.

खेळाडूंच्या निदर्शनांना मनाई करणारा ऑलिम्पिकच्या सनदेतला पन्नासावा नियम अजून आहे. २०२१ च्या टोकियो स्पर्धेआधी तो थोडा सैल केला : शर्यत सुरू होण्यापूर्वी खेळाडूला गुडघा टेकता येतो, पत्रकारांशी मोकळेपणी बोलता येतं. पदकाच्या चौथऱ्यावर मात्र मनाई कायम आहे. त्याच टोकियोत गोळाफेकीत रौप्य मिळवणाऱ्या अमेरिकेच्या रेवन साँडर्सनं चौथऱ्यावर दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे एकमेकांवर धरले, जगातल्या दडपलेल्या माणसांसाठी, आणि आंतरराष्ट्रीय समितीनं चौकशी सुरू केली. दोनच दिवसांत साँडर्सच्या आईचं निधन झालं, तेव्हा ती चौकशी थांबवण्यात आली.